माहीमचा कॉजवे आणि पाण्याचा पथकर

दादरला शिवाजी पार्कच्या बाजूने निघालेला लेडी जमशेदजी मार्ग माहीमला येतो आणि तिथून पुढे खाडी ओलांडून वांद्र्याला जातो. खाडी ओलांडणारा हा रस्त्याचा तुकडा 'माहीम कॉजवे' या नावाने प्रसिद्ध आहे. बसमध्ये बसलेल्या माणसाला हे अंतर काही मिनिटांचेच असते. एका बाजूला माहीमचा उपसागर दिसतो, दुसऱ्या बाजूला खाडीचे काळपट पाणी आणि तिवरांची झाडे. आपण एक बेट सोडून दुसऱ्या बेटावर निघालो आहोत, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

पुलाचा इतिहास सांगताना साधारणपणे तो कोणी बांधला, किती खर्च आला आणि त्याने कोणाची सोय झाली हे सांगितले जाते. तो इतिहास आम्हीही येथे सांगणार आहोत. पण प्रत्येक पुलाला आणखी एक बाजू असते. पुलावरून माणसे जातात, तसे पुलाखालून पाणी जाते. माणसांना वाट देताना पाण्यासाठी किती वाट ठेवली, हा प्रश्न पूल बांधणाराला सोडवावाच लागतो. त्याचे उत्तर बरोबर की चूक हे कधीकधी दीडशे वर्षांनी कळते. माहीमच्या कॉजवेच्या निमित्ताने हा प्रश्न नीट समजावून घेऊ.

बेटांमधली पाण्याची वाट

आजची मुंबई सात बेटांपासून झाली हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम ही ती सात बेटे. भरतीच्या वेळी त्यांच्यामधल्या सखल जमिनीवर समुद्राचे पाणी पसरत असे. उमरखाडी, पायधुनी ही नावे त्या काळाची आठवण देतात. पाण्यातून चालत आलेली माणसे जिथे पाय धूत ती पायधुनी, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून समुद्र आत शिरण्याची जी मोठी खिंड होती ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना बांध घालून अडवण्यात आली. त्यानंतर भायखळा, परळ, दादर या भागांतल्या सखल जमिनी हळूहळू कोरड्या झाल्या. कोरड्या झाल्या, पण उंच झाल्या नाहीत. परळजवळचा हिंदमाता परिसर आजही मोठ्या पावसात का तुंबतो याचे एक कारण या भूगोलात आहे.

सात बेटे जोडली गेली तरी त्यांच्या उत्तरेला साष्टी हे मोठे बेट वेगळेच होते. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, ठाणे ही सगळी गावे साष्टीत येतात. मुंबई इंग्रजांकडे होती, तर साष्टी आधी पोर्तुगीजांकडे आणि १७३७ पासून मराठ्यांकडे. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. तोपर्यंत मधली खाडी ही दोन सत्तांमधली सीमाही होती. सीमेवर पूल बांधण्याची घाई कोणालाच नसते.

दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आल्यावर परिस्थिती बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात शीवजवळ खाडीवर बांधरस्ता झाला. पण माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये नावच चालू राहिली. वांद्र्याची भाजी, मासळी, दूध आणि माणसे हे सगळे नावेने येत असे. पावसाळ्यात, वाऱ्यात आणि ओहोटीच्या ओढीत हा प्रवास धोक्याचा होता. नावा उलटून माणसे बुडत.

या जागी रस्ता व्हावा असे अनेकांना वाटत होते, पण कंपनी सरकार खर्च करायला तयार नव्हते. प्रसिद्ध व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी तो भार उचलला. त्यांनी आधी १ लाख रुपये दिले. काम पुढे गेल्यावर रक्कम अपुरी पडू लागली, तेव्हा आणखी ५७ हजार दिले. त्यांची एकूण देणगी १ लाख ५७ हजार रुपये झाली. देणगी देताना त्यांनी एक अट घातली. या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून सरकारने पथकर घेऊ नये. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला आणि 'लेडी जमशेदजी' हे नाव माहीमच्या रस्त्याला कायमचे लागले. पथकर न घेण्याची अट आज मुद्दाम लक्षात ठेवावी. एका बाईने सामान्य माणसाच्या येण्याजाण्याचा हक्क पावणेदोनशे वर्षांपूर्वी मागून घेतला होता.

माणसांचा पथकर माफ झाला. पाण्याचा मात्र झाला नाही. हा पाण्याचा पथकर म्हणजे काय, ते आता पाहू.

भराव आणि गाळा

'कॉजवे' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. गावाकडे ओढ्यावरच्या बुटक्या फरशी-पुलाला कॉजवे म्हणतात. त्यावरून पुराचे पाणी वाहून जाते आणि तेवढा वेळ वाहतूक थांबते. माहीमचा कॉजवे वेगळ्या प्रकारचा आहे. उथळ, चिखलाच्या खाडीत दोन्ही काठांकडून दगडमातीचा भराव टाकत जायचे, त्यावर रस्ता करायचा, आणि पाणी जाण्यासाठी मधे मोकळी जागा ठेवून तेवढ्यापुरता पूल बांधायचा, अशी ही पद्धत आहे. पुलाच्या दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात.

त्या काळी अशी पद्धत का निवडली असेल? खाडीच्या चिखलात पाया घेणे अवघड असते. दगडी कमानीचा एक गाळा फार लांब करता येत नाही, म्हणून खांब जास्त लागतात. प्रत्येक खांबासाठी पाणी अडवून, चिखल उपसून टणक थरापर्यंत जावे लागते. त्यापेक्षा भराव टाकणे सोपे. दगड जवळ मिळतो, मजूर मिळतात आणि खर्च कमी येतो. सिमेंट काँक्रीट तेव्हा नव्हते, पोलादी तुळयाही नव्हत्या. त्यामुळे भराव जास्त आणि गाळा कमी हे गणित त्या काळाला धरून होते.

मात्र भरावाच्या प्रत्येक मीटरबरोबर पाण्याच्या वाटेचा एक मीटर कमी होतो. रुंद खाडीतून पसरून जाणारे पाणी आता ठरावीक गाळ्यांतून जाऊ लागते.

पथकराचा हिशेब

नळाला लावलेल्या रबरी नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोराने उडते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. नळीतून दर सेकंदाला जेवढे पाणी येते तेवढेच बाहेर पडायला हवे. तोंड लहान झाले तर पाण्याला जास्त वेगाने जावे लागते. हे सूत्र असे मांडता येईल :

दर सेकंदाला जाणारे पाणी = वाटेचे क्षेत्रफळ × वेग

क्षेत्रफळ निम्मे झाले तर वेग दुप्पट. हे मुलांना लगेच पटते. पण इथे एक प्रश्न विचारावा. वेग वाढवायला लागणारी ऊर्जा कुठून येते? नळीत ती टाकीच्या उंचीमुळे असलेल्या दाबातून येते. नदीला टाकी नाही. मग नदी काय करते? ती स्वतःच टाकी होते. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी साचू लागते, त्याची पातळी चढते, आणि ती पुरेशी चढली की त्या उंचीच्या जोरावर पाणी गाळ्यातून वेगाने निघते. ही चढलेली उंची म्हणजेच पाण्याने भरलेला पथकर. तो भरल्याशिवाय पाण्याला पुढे जाता येत नाही.

ही उंची किती, ते काढता येते. उंचावरून पडणाऱ्या दगडाला जो नियम लागू होतो तोच इथेही. उंची = वेगाचा वर्ग ÷ (२ × गुरुत्व त्वरण). गुरुत्व त्वरण ९.८ धरले तर :

वेग सेकंदाला १ मीटर : उंची ५ सेंटिमीटर
वेग सेकंदाला २ मीटर : उंची २० सेंटिमीटर
वेग सेकंदाला ३ मीटर : उंची ४६ सेंटिमीटर
वेग सेकंदाला ४ मीटर : उंची ८२ सेंटिमीटर

वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हे या आकड्यांवरून दिसेल. आता एक काल्पनिक पूल घेऊ. त्याखालची मोकळी वाट ६० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, म्हणजे क्षेत्रफळ १८० चौरस मीटर. सेकंदाला १८० घनमीटर पाणी आले तर वेग १ मीटर आणि पथकर फक्त ५ सेंटिमीटर. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पाणी चौपट, म्हणजे ७२० घनमीटर झाले तर वेग ४ मीटर आणि पथकर ८२ सेंटिमीटर. प्रत्यक्षात पाणी चढले की गाळ्यातली खोलीही थोडी वाढते, शिवाय खांबांभोवतीच्या भोवऱ्यांत काही ऊर्जा वाया जाते, म्हणून हा हिशेब अंदाजाचा आहे. पण मुद्दा स्पष्ट आहे. साध्या पावसात पूल अगदी पुरेसा वाटतो आणि मोठ्या पावसात तोच पूल एकाएकी अपुरा पडतो. वर्षानुवर्षे काही झाले नाही, म्हणून पुढेही होणार नाही, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

ही ८२ सेंटिमीटरची चढ केवळ पुलापाशी राहत नाही. नदीचा उतार किलोमीटरला अर्धा मीटर असेल तर तिचा परिणाम दीड किलोमीटरहून अधिक मागे पोहोचतो. सपाट प्रदेशात पुलाचा पथकर पुलापासून लांब राहणारी माणसे आपल्या घरात भरतात.

दिवसातून दोनदा येणारे पाणी

माहीमला आणखी एक गोष्ट आहे. खाडीत पाणी एकाच दिशेने वाहत नाही. साधारण १२ तास २५ मिनिटांत एक भरती आणि एक ओहोटी होते. म्हणजे पाणी गाळ्यातून आत जाते आणि तेवढेच परत बाहेर येते.

खाडीचा आतला विस्तार १ चौरस किलोमीटर आहे आणि भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर आहे, असे समजू. मग प्रत्येक भरतीला ३० लाख घनमीटर पाणी आत येईल आणि साधारण सव्वासहा तासांत बाहेर जाईल. सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे १३५ घनमीटर. बिनपावसाच्या दिवशीही खाडीच्या तोंडातून एखाद्या नदीएवढे पाणी ये-जा करते ते असे.

हे पाणी निरुपयोगी नसते. ओहोटीच्या जोरदार प्रवाहाबरोबर गाळ समुद्राकडे जातो आणि खाडीचे तोंड खोल राहते. आता आतल्या १ चौरस किलोमीटरपैकी निम्म्या जागेवर भराव टाकला तर काय होईल? आत येणारे पाणी निम्मे होईल, म्हणून बाहेर जाणारेही निम्मेच. गाळा तोच, पाणी निम्मे, म्हणून वेग निम्मा. संथ प्रवाहात गाळ खाली बसतो. म्हणजे खाडीत आत कुठेही भराव टाकला तरी तिचे तोंड उथळ होऊ लागते. पूल न बदलताही पुलाखालची वाट अशा रीतीने कमी होते.

माहीमच्या खाडीच्या बाबतीत हे केवळ समजण्याचे उदाहरण नाही. १९७०च्या दशकापासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वांद्रे-कुर्ला संकुल उभे केले. ते मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या काठच्या सुमारे ३७० हेक्टर सखल जमिनीवर आहे. भरतीचे पाणी जिथे पसरत असे त्यातला मोठा भाग तिथे होता. दुसऱ्या काठाला धारावीची वस्ती वाढत गेली. तिवरे कमी झाली. भरतीचे पाणी सामावून घेणारी जागा आणि पुराचे पाणी थोडा वेळ थांबवून धरणारी जागा एकच असते. ती गेली की दोन्ही कामे थांबतात.

मिठी नदी आणि २६ जुलै २००५

माहीमच्या खाडीत येऊन मिळणारी नदी मिठी. विहार तलाव १८६० मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी याच नदीवर बांध घालून झाला. आज विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन मिठी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमला पोहोचते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. वाटेत मरोळ, विमानतळ, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी लागते. विमानतळापाशी धावपट्टीखालून जाताना तिला काटकोनात वळावे लागते. पुढे कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, धारावीचा पूल, पश्चिम रेल्वेचे पूल आणि शेवटी माहीमचा कॉजवे. यांतल्या प्रत्येक ठिकाणी पाण्याला थोडाथोडा पथकर भरावा लागतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस सुमारे ७४ मिलिमीटर होता. एकाच शहराच्या दोन टोकांना पडलेल्या पावसात बारापटींहून अधिक फरक होता. बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत पडला.

या पावसाचा अर्थ काय? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मिठीच्या सगळ्या ७३ चौरस किलोमीटरवर ९४४ मिलिमीटर पाऊस पडला असे धरले तर जवळजवळ ७ कोटी घनमीटर पाणी होते. २४ तासांत ते सारखे वाहिले असे मानले तरी सरासरी सेकंदाला ८०० घनमीटर पडतात. पाऊस सगळीकडे सारखा नव्हता, काही पाणी तलावांनी धरले आणि काही जागच्या जागी साचले, हे खरे. पण पाऊस २४ तास सारखाही नव्हता, तो काही तासांत एकवटला होता. आपल्या १८० चौरस मीटरच्या काल्पनिक गाळ्यातून ८०० घनमीटर जायचे तर वेग साडेचार मीटरच्या जवळ हवा, आणि पथकर १ मीटर.

त्यात दुपारी चारच्या सुमारास भरती होती, ४.४८ मीटरची. भरतीच्या वेळी समुद्राचीच पातळी चढलेली असते. नदीचा उतार कमी होतो आणि पथकराची उंची या चढलेल्या पातळीच्या वर मोजावी लागते. भरती ओसरेपर्यंत पाण्याला मागे साचत राहण्यावाचून गत्यंतर नसते. शहराची जुनी गटारे तर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातला निम्मा मुरेल, अशा हिशेबाने बांधलेली होती. डांबर आणि काँक्रीटच्या शहरात मुरणार कुठे?

कुर्ला, कलिना, धारावी, वांद्रे या भागांत माणसे रात्रभर पोटमाळ्यांवर, गच्च्यांवर आणि बसच्या टपांवर बसून राहिली. मुंबईत चारशेहून अधिक माणसांचा मृत्यू झाला. नंतर नेमलेल्या, जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर मिठीचे पात्र रुंद आणि खोल करण्याची कामे सुरू झाली.

या सगळ्याचा दोष माहीमच्या कॉजवेवर टाकणे योग्य होणार नाही. एवढ्या पावसात कोणत्याही शहराची दैना झाली असती. शिवाय १८४५ साली खाडीत येणारे पाणी डोंगर, शेती आणि खाजणातून येत होते. ते मुरत आणि रेंगाळत येई. आजचे पाणी छपरे आणि रस्ते यांवरून धावत येते. गाळा ठरवताना ज्या खाडीचा विचार झाला ती खाडी आज तिथे नाही. पूल एकदा बांधला की तो तसाच राहतो, पण त्याच्या वरच्या अंगाचा प्रदेश बदलत राहतो. म्हणून पुलाचा हिशेब एकदा मांडून संपत नाही, तो पुन्हापुन्हा मांडावा लागतो.

तळाशी काय होते

पथकर भरून वेगाने निघालेले पाणी आणखी एक काम करते. ते गाळ्याचा तळ खरवडते. खांबाच्या तोंडावर आपटलेले पाणी खाली वळते, त्याचा भोवरा होतो आणि खांबाच्या बुंध्याशी खड्डा पडतो. समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिल्यावर परतणारी लाट आपल्या टाचांखालची वाळू काढून नेते, तोच हा प्रकार. जुन्या दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोकदार आकार दिलेला असतो तो पाणी सहज दुभंगावे म्हणून. हा खड्डा पुराच्या वेळी सर्वांत खोल असतो आणि पूर ओसरताना पुन्हा गाळाने भरून जातो. त्यामुळे नंतर वरवर पाहून काही कळत नाही.

वाहत्या पाण्याचा पुलांना असलेला धोका महाराष्ट्राने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पाहिला. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल महापुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने प्रवाशांसकट वाहून गेली. तिथे २०१७ च्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. एवढ्या पाण्याच्या माऱ्यात पूल पडण्यामागे एकच कारण क्वचित असते. पण जुन्या पुलाची तपासणी म्हणजे कठडे रंगवणे नव्हे. पाण्याखालचा पाया आणि गाळ्यातली वाट पाहणे हा तिचा खरा भाग आहे, एवढे त्यावरून शिकायला हवे.

दुसरा मार्ग

माहीमच्या कॉजवेवरून समुद्राकडे पाहिले तर आज वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. तो २००९ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे ५.६ किलोमीटर. १८४५च्या कारागिरांना जे शक्य नव्हते ते इथे केले आहे. उपसागर ओलांडताना भरावाऐवजी खांब आहेत, आणि साधारण प्रत्येक ५० मीटरवर एक खांब पुरतो. वांद्र्याच्या बाजूला उंच मनोऱ्यांवरून तारांनी तोलून धरलेले गाळे तर २५० मीटर लांबीचे आहेत. ताणलेल्या पोलादी तारांनी दाबून धरलेल्या काँक्रीटमुळे आणि खोल पायांमुळे हे साधते. एकाच उपसागराकाठी दीडशे वर्षांच्या अंतराने बांधलेली ही दोन बांधकामे शेजारी ठेवून पाहिली तर पूल-बांधणीचे शास्त्र कोणत्या दिशेने गेले ते कळते. भराव कमी होत गेला आणि मोकळी वाट वाढत गेली. मात्र त्यासाठी खर्च कितीतरी पटींनी वाढतो, हेही मुलांना सांगितले पाहिजे. पूल स्वस्त केला तर पथकर पाणी भरते, आणि पाण्याचा पथकर कमी करायचा तर पैसा माणसांना भरावा लागतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक मीटरभर लांबीची पत्र्याची पन्हळ किंवा उभा चिरलेला रुंद प्लास्टिकचा पाइप घ्यावा. एका टोकाखाली वही ठेवून किंचित उतार द्यावा. वरच्या टोकाला नळाची नळी सोडावी आणि प्रयोग संपेपर्यंत नळ जराही फिरवू नये.

१. पाणी स्थिर वाहू लागल्यावर मधोमध पट्टी उभी धरून खोली मोजावी.

२. आता मातीचे दोन गोळे दोन्ही काठांना लावून मधे निम्मी वाट ठेवावी. गोळ्यांच्या वरच्या अंगाला पुन्हा खोली मोजावी. मग वाट पाव करावी आणि परत मोजावी. तिन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. चढ सारखी वाढते की जास्त झपाट्याने, हे मुलांनीच सांगावे.

३. वाट निम्मी असताना पन्हळीचे खालचे टोक एका पसरट भांड्यात ठेवावे आणि भांड्यातले पाणी हळूहळू वाढवावे. ही झाली भरती. गोळ्यांच्या वरच्या अंगाला काय होते ते पाहावे.

४. तळाला बारीक वाळूचा थर देऊन वाटेत एक खडूचा तुकडा उभा रोवावा. पाच मिनिटांनी नळ बंद करून खडूच्या बुंध्याशी पाहावे.

आम्ही हा प्रयोग करताना असे पाहिले की मुलांना सर्वांत जास्त आश्चर्य दुसऱ्या भागाचे वाटते. अडथळा खाली आहे आणि पाणी वर चढते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

मुंबईतल्या शाळांना धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात सहल नेता येईल. एकेकाळी कचरा टाकण्याची असलेली ही जागा आता झाडांनी भरली आहे आणि तिच्या काठाशी मिठी आणि तिवरे दिसतात. भरतीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे, म्हणजे पाणी कोणत्या दिशेने चालले आहे हा प्रश्न मुलांना विचारता येईल.

मुंबईबाहेरच्या शाळांना लांब जाण्याची गरज नाही. प्रत्येक गावाजवळ एखादी मोरी, फरशी किंवा पूल असतोच. उन्हाळ्यात पाणी आटलेले असताना मुलांना घेऊन तिथे जावे. गाळे किती, प्रत्येकाची रुंदी आणि उंची किती, किती गाळे गाळाने किंवा कचऱ्याने बुजले आहेत, याची नोंद करावी. खांबांवर मागच्या पुराची खूण दिसते का ते पाहावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, पूर्वी पाणी कुठवर येत असे आणि आता कुठवर येते? वरच्या अंगाला गेल्या वीस वर्षांत काय बदलले? ही वही शाळेत जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच पुलाची पुन्हा मोजणी करावी. एखादा गाळा बुजत चालला आहे असे दिसले तर ती नोंद ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला पावसाळ्यापूर्वी दाखवता येईल.